नवमीचा गजर

माझी आई रत्नागिरीकडची. तिने लहानपणीच बजावून ठेवलेलं, तिन्हीसांजेला बाहेरून कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्याही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारेल, दुसरं काही असेल तर त्याला तेवढा धीर नसतो. लग्न होऊन गिरगावात आले, चाळीत म्हातारी झाले, तरी ती सवय गेली नाही. कोणी "काकू" म्हणून हाक मारली की मी आधी गप्प. शेजारणी म्हणतात, काकू बहिऱ्या झाल्या. म्हणू देत.

हे आत्ता सांगायचं कारण असं, की आमच्या कपाटात एक वस्तू आहे आणि ती हाक मारते. डिजिटल डायरी. तळहातावर मावते, पुस्तकासारखी उघडते, आत इवलीशी बटणं आणि राखाडी काच. मोबाईल घरोघरी यायच्या आधी असल्या डायऱ्या हापिसातले साहेब लोक भेटीगाठींच्या वेळा ठेवायला वापरायचे. आमच्याकडे ती आली भटजींसाठी.

आमचे हे पिढीजात भिक्षुक. गिरगाव, लालबाग, परळ, नायगाव, तिकडे शीवपर्यंत यजमानांची घरं. कुठल्या घरी कुठल्या तिथीला श्राद्ध, त्यांचं गोत्र काय, गेलेल्या तीन पिढ्यांची नावं काय, सगळं ह्यांच्या डोक्यात. कागदाचा चिठोरा नाही. मी म्हणायचे, "अहो, कुठेतरी उतरवून ठेवा." तर म्हणायचे, "अगं, उतरवलं की डोकं आळशी होतं." भारी गर्व होता त्या डोक्याचा. मलाही होता, खोटं कशाला बोलू.

मग लालबागचं ते श्राद्ध झालं. घर मालवणी, म्हातारा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. घरोबा होता म्हणून मी वडे तळायला गेले होते. मुलगा बोटात दर्भाचं पवित्रक घालून पाटावर बसलेला, हे समोर. पिंडांपाशी बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव घ्यायचं असतं. ह्यांनी पहिलंच नाव घेतलं ते समोर बसलेल्या त्या मुलाचं. खणखणीत आवाजात, गोत्रासकट. स्वयंपाकघराच्या दारात त्याची आई उभी होती. ती अशी किंचाळली की माझ्या हातातला झारा पडला. "अवो भटजीनू, माजो झील जितो आसा!"

मुलगा बिचारा हसण्यावारी न्यायला बघत होता. पण तोंड पांढरंफटक. ह्यांनी डोळे मिटले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि सगळं बिनचूक म्हटलं. जिना उतरताना मधल्या पायरीवर थांबले, कठडा घट्ट धरला आणि म्हणाले, "अगं, मला त्याच्या बापाचं नाव आठवेचना. पुढे जे दिसलं ते तोंडातून गेलं. घाबरलो गं मी."

त्या दिवसापासून ह्यांना एकच धास्ती होती, की आपण नावं विसरणार आणि ते लोकांना कळणार. माझी धास्ती वेगळी. मी ती कधी बोलून नाही दाखवली. मला वाटायचं, जगाची नावं चाललीत, मग माझं कधी जाणार?

डायरी घ्यायची ही कल्पना माझी. लग्नाआधी मी फोर्टात एका कचेरीत टायपिस्ट होते, नंतर कधीतरी मैत्रिणींना भेटायला तिथे गेले तेव्हा साहेबाच्या टेबलावर ही वस्तू पाहिली होती. तिकडच्याच एका दुकानात ह्यांना घेऊन गेले. दुकानदाराने धोतर, शेंडी बघितली आणि मला विचारलं, "आंटी, किसके लिए?" म्हटलं, ह्यांच्यासाठीच, दाखवा. एक दाखवली, तिच्यावर काडीसारख्या पेनाने काचेवर लिहायचं. म्हटलं, पेन पहिल्याच दिवशी निर्माल्यात जाईल. दुसरीची बटणं इतकी बारीक की ह्यांच्या अंगठ्याखाली तीन-तीन दाबली जायची. तिसरी सुबक होती, पण तिचा गजर म्हणजे वाढदिवसाचं गाणं! "अहो भाऊ," मी म्हटलं, "श्राद्धाला हे गाणं वाजलं तर पितर आल्या पावली परत जातील." इतक्या दिवसांत हे पहिल्यांदा हसले. शेवटी एक साधी मिळाली. नुसतं टीट टीट वाजते, बटण दाबलं नाही तर थांबते आणि जरा वेळाने पुन्हा वाजते.

तीत मराठी अक्षरं नव्हती. सगळं इंग्रजीतून टाइप करायचं, नाव लांब असलं की शेपूट कापायचं. हे डोळे मिटून बसायचे आणि मनातल्या मनात चालत निघायचे. नाक्यापासून सुरू. ही चाळ, तळमजला, डावीकडची खोली, तिथली माणसं. मग पहिला मजला. मी बटणं दाबत जायचे. जिवंत माणसांबद्दल एक शब्द नाही, फक्त गेलेली. हळूहळू आमची एवढीशी खोली भरत जायची. शपथेवर सांगते, पाणी प्यायला उठायचं तर मी अंग चोरून उठायचे. हे म्हणायचे, "काय गं?" मी म्हणायचे, "काही नाही. गर्दी झालीय."

सोवळ्यात ही बॅटरीची वस्तू चालते का, हा ह्यांचा पुढचा प्रश्न. मी माझ्या जुन्या कदाचा तुकडा कापला. रेशीम सोवळ्याला चालतं. त्यात गुंडाळून दिली. हे उपरण्याआड हळूच उघडायचे, बघायचे, मिटायचे. कोणाला पत्ता लागला नाही. ज्यांना लागला ते म्हणाले, गुरुजी मॉडर्न झाले.

सुरुवातीला एक फजिती झालीच. डायरीत दरवर्षीचा गजर लावायची सोय होती, आम्ही खूश होऊन सगळीकडे तीच लावून टाकली. पुढल्या वर्षी गजर वाजला तसे हे नायगावच्या एका घरी जाऊन हजर. ती बाई म्हणते, "गुरुजी, तिथी अजून लांब आहे ना?" खरंच की! यंत्र चालणार इंग्रजी तारखेने, आमचे पितर चालणार तिथीने. तिथी दरवर्षी सरकते. जन्म पंचांगात घालवलेला माणूस आणि टायपिस्ट बायको, दोघांच्याही डोक्यात हे येऊ नये! तेव्हापासून पाडव्याला पंचांगाची पूजा झाली की आम्ही दोघं बसायचो, हे नव्या पंचांगातून तारखा सांगायचे, मी एकेक गजर पुढे-मागे सरकवायचे. गुढी खाली उतरवायची वेळ व्हायची तरी संपायचं नाही.

अशी बरीच वर्षं निभावली. त्या डबड्याने निभावली असं म्हणा, मी नाही म्हणणार नाही. मग हळूहळू बटणं चुकायला लागली. मग नाव दिसूनही ते कुठल्या घरचं ते कळेना. एकेक घर दुसऱ्या गुरुजींकडे गेलं. डायरी मात्र ह्यांनी सोडली नाही. गजर वाजला की उठायचे, उपरणं घ्यायचे, चपला घालून निघायचे. "निघतो गं, माणसं ताटकळलीत." मी गॅलरीतून हाताला धरून परत आणायचे. कधी समजुतीने, कधी ओरडून. तोंड माझं पहिल्यापासून फाटकं. आणि "अहो, कुठे निघालात!" म्हटलं की "अगं, जाऊ दे ना" असं उत्तर यायचं, तेवढ्याने मला बरं वाटायचं. "अगं" आहे, म्हणजे मी आहे.

ह्यांचा शेवटचा पितृपक्ष. दुपारची वेळ, मी विळीवर काकडी चोचवत होते. हे खुर्चीत, डायरी मांडीवर. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्हाला टायपिंग येतं का?"

तुम्ही! मी हात थांबवला. लग्नापासून ह्या माणसाने मला तुम्ही म्हटलं नव्हतं.

"माझी बायको करायची टायपिंग," हे म्हणाले. "ती गेली."

मी म्हटलं, "कधी गेली?"

"माझ्या आधी गेली. कुंकवासकट गेली, नशिबाची. तिचा दिवस अविधवा नवमीला. इतक्या घरांच्या बायकांचे घातले आणि तिचाच घालायचा राहिला की हो."

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची ही नवमी, पितृपक्षातली. मी विळी आडवी केली आणि जवळ गेले. "अहो, बघा माझ्याकडे. ही काय मी! बसलेय ना समोर!" हे सौजन्याने हसले. परक्या बाईशी हसावं तसं. मला इतका राग आला, की डायरी हिसकावून भिंतीवर फेकावी. हात पुढेही केला. पण ह्यांनी ती छातीशी धरली. "नको, हिचं मी करतो."

आणि केलं. आयुष्यात कधी टाइप न केलेला माणूस, एका बोटाने, एकेक अक्षर शोधत. माझं नाव. लग्नातलं नाही, माहेरचं, जे सासरी कोणी घेत नाही. मग गोत्र. मग गजर कसा लावायचा ते आठवेना, तेव्हा मात्र माझ्याकडे दिली आणि मी माझ्याच श्राद्धाचा गजर लावला. लावताना हे सांगत होते, "फार तोंडाळ होती हो. पण तिच्यासारखे घारगे कोणाला जमत नाहीत. मी तिला तसं कधी बोललो नाही, तेवढं राहिलं." मी तिथेच उभी होते, हाताला काकडीचं पाणी. मला रडू फुटलं, तर मलाच म्हणाले, "तुम्ही ओळखत होतात का तिला?"

म्हटलं, "हो. थोडीफार."

"मग नवमीला जेवायला या. सवाशीण लागतेच. तुमच्या कपाळी कुंकू आहे."

गेले. म्हणजे काय, इथल्या इथेच. सकाळी उठून घारगे केले, खीर केली, हिरवं लुगडं नेसून त्यांच्या समोर पाटावर बसले. शेजारच्या सुनेने ओटी भरली. तिला काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, काकांची हौस आहे. गजर वाजला. ह्यांनी माझं नाव घेतलं, गोत्र घेतलं, अडखळले नाहीत. खिडकीत पान ठेवलं आणि कावळाही लगेच आला मेला, जसा काही वाटच बघत होता. मग मला वाढलं, स्वतःच्या हाताने. "सावकाश जेवा," म्हणाले. मी जेवले. आपल्याच नावाचं जेवण घशाखाली कसं उतरतं ते कोणाला सांगता येणार नाही.

त्याच हिवाळ्यात हे गेले. शेवटपर्यंत मी "बाई, तुम्ही"च राहिले.

आता आमचा मुलगा ठाण्याला असतो. म्हणतो, "आई, एवढा मोबाईल दिलाय तुला, ते डबडं कशाला जपतेस?" मी दादरला एका घड्याळवाल्याकडे त्याचे सेल बदलून आणते. त्यात दोन सेल असतात, एकदम काढले तर आतलं सगळं पुसलं जातं. मी काउंटरवर ओणवी होऊन ओरडत असते, "आधी एक! आधी एक काढा, तो नवा घाला, मग दुसऱ्याला हात लावा!" तो म्हणतो, "मावशी, यात काय सोनं ठेवलंय का?" म्हटलं, तू तुझं काम कर.

बाकीच्यांच्या तारखा मी सरकवत नाही. ती घरं दुसऱ्या गुरुजींची. पण गजर पुसायला हात होत नाही. त्यामुळे वर्षभर भलत्याच दिवशी वाजत राहतात. जुन्या तारखेला नायगावचे कोणी येतात, ती चाळ तर पाडली. परळचे येतात, तिथे आता टॉवर आहे, वॉचमन आत सोडणार नाही. मी काम करत असते आणि मागे ती टीट टीट चालू होते. मागे वळून बघत नाही. पण आजही अंग चोरूनच उठते.

एकच गजर मी दर पाडव्याला पंचांग बघून सरकवते. तारीख तेवढी बदलते. अक्षरांना बोट लावत नाही. हजारभर माणसांची नावं मी टाइप केली, आणि हे एकच ह्यांनी. मी समोर असताना मी कोण ते ह्यांना कळेना, आणि मेलेली मी मात्र ह्यांना नाव-गोत्रासकट आठवत होते. त्या दुसरीचा मला हेवा वाटतो, खरंच वाटतो. ती सवाष्ण गेली, ह्यांच्या मनात राहिली. मी मागे उरले.

यंदाही नवमीला घारगे केले. शेजारची सून कामावर जायची म्हणून लवकरच जेवायला आली, तिने विचारलं, "काकू, तुम्ही दरवर्षी हे कोणाचं करता?" म्हटलं, "आमच्यातलीच एक होती. तोंडाळ. तू नाही ओळखायचीस." ती गेल्यावर भांडी घासत होते तेव्हा कपाटातून गजर वाजला. पहिल्यांदा. मी नळ बंद केला आणि गप्प उभी राहिले. थांबला. जरा वेळाने पुन्हा वाजला. आई म्हणायची तशीच उभी राहिले, ओले हात तसेच.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी ओ दिली.