मोराचा अडकित्ता

शेजारच्या अण्णांनी हौसेनं जमवलेले जुने अडकित्ते आता काचेच्या कपाटात आहेत. अण्णा होते तेव्हा गल्लीत कुणाचंही लग्न ठरलं की सुपारी फोडायला त्यांचा पितळी मोर हक्कानं नेला जायचा. "न्या की! शोभेला जमवलेत का मी?" म्हणायचे.

परवा माझी सुपारी फुटायची होती. मी संकोचत मोर मागितला. त्यांच्या मुलानं लगेच दिला, कापसात गुंडाळून. "जपून हं, बाबांची आठवण आहे."

त्यात वावगं काहीच नव्हतं. माणूस गेला की त्याच्या वस्तू एकदम नाजूक होतात.

घरी मोर ताटात मांडला, पण त्याला हात लावायला कुणी धजेना. शेवटी माझ्या बाबांनी सुपारी खलबत्त्यात फोडली.