विश्रामदांच्या दोरीवरचे पाइप

तारकर्लीला समुद्राकडे तोंड करून बसलेल्या घरांच्या अंगणात दोन माडांना बांधलेली एक दोरी असतेच, आणि मोसमात तिच्यावर मासळी सुकत असते. विश्राम मेतरांच्या अंगणातही अशी दोरी होती. तिच्यावर पाइप सुकत असायचे. वीज जोडताना तारा ज्यातून नेतात ते पाइप, वितीवितीचे कापलेले: एक काळा लोखंडी, एक जस्त चढवलेला लोखंडी, एक अॅल्युमिनियमचा. ऊन असो, पाऊस असो, ते तिथून हलायचे नाहीत. वारा सुटला की एकमेकांवर आपटून खणखणायचे आणि शेजारपाजारची पोरं झोपेतून उठायची. शेजारणींनी किती वेळा तोंड सोडलं असेल, पण ह्या गृहस्थानं दोरी काही काढली नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते त्या दोरीखालीच. पन्नासचं दशक सरत आलं होतं, मालवणात वीज घरोघरी पोचायला लागली होती, आणि मी बांद्याचा, बेळगावात वायरिंगचं काम शिकून आलेला, हाताला काम शोधत त्यांच्या दारात उभा. मुंबईच्या गोदीत बोटींच्या वायरिंगवर उमेदवारी करून आलेले, सरकारी परवाना असलेले कंत्राटदार म्हणून त्यांचं नाव ऐकलं होतं. उघडेबंब, कमरेला लुंगी, तोंडात विडी. माझं नाव-गाव न विचारता त्यांनी दोरीवरचा एक लोखंडी तुकडा काढून माझ्या हातात दिला.

"जिभेक लाव."

मी लावला. खारट लागला.

"खारट लागता मा? लोखंडाक ताच मारता. माझो साहेब रत्नागिरीक बसणा नाय रे, हयसर बसता," असं म्हणून त्यांनी समुद्राकडे बोट केलं. "हेणी पास केल्यान तर पाइप पास."

मला खरं तर राग आला होता. मी म्हटलं, "विश्रामदा, जस्त चढवलेलो पाइप हातोड्यान पण पोचो जाणा नाय. तुमचो ह्यो अॅल्युमिनियम म्हणजे भांड्याचो पत्रो." असं बोलल्यावर आपल्याला काम मिळणार नाही, अशी माझी खात्री होती. त्यांनी विडी खाली टाकली, मला वरून खाली न्याहाळलं आणि विचारलं, "बांद्याचो मा तू? थंय वारो गोडो. उद्यापासून येवक लाग." तेव्हापासून मी त्यांचा 'बांदेकर' झालो आणि आमचं भांडणही तेव्हाच सुरू झालं.

भांडण एकच, रोजचं. मी लोखंडाच्या बाजूचा, ते अॅल्युमिनियमच्या. लोखंड दणकट, हातगाडी आपटली तरी आतली तार शाबूत राहते, आटे नीट बसतात, हे माझं म्हणणं. ते म्हणायचे, आटे पाडतोस तिथलं जस्त तूच खरवडून काढतोस ना, मग गंज तिथूनच शिरतो. त्यांचा पाइप हलका, एका माणसानं खांद्यावर टाकून शिडी चढावी इतका, आणि गंजाचं नाव नाही. आटा मात्र जरा जास्त आवळला की गेलाच. तसा गेला की मी मुद्दाम मोठ्यानं खोकायचो. मग ते म्हणायचे, "खोक, खोक. लोखंड भायरसून पैलवान आणि आतसून पोकळ. वायर डोळ्यांक दिसता रे. मरान पाइपात लपान रवता."

हे लपलेलं मरण त्यांच्या घरापर्यंत येऊन गेलं होतं. त्यांची थोरली बहीण आवडाक्का बंदरावर मासळी विकायची. पूर्वी कुणीतरी वायरिंग केलेल्या लिलावाच्या जुन्या शेडमध्ये ती ओल्या पायांनी उभी होती. पाटी डोक्यावर घेताना तिनं आधाराला भिंतीवरचा लोखंडी पाइप धरला. पाइप आतून गंजला होता, गंजाच्या खपल्यांनी तारेवरचं रबर खरवडलं गेलं होतं आणि पाइपातच वीज उतरली होती. आवडाक्का फेकली गेली म्हणून वाचली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र तळव्यात वळली ती वळलीच. तिनं डाव्या हातानं मासळी कापायला शिकून घेतलं आणि बंदर काही सोडलं नाही. हट्ट त्या घराण्यातच होता. विश्रामदांनी तो पाइप स्वतः उघडला. वरच्या रंगाखाली पाइप असा उरलाच नव्हता, नुसता पापुद्रा. दोरी त्यानंतरची.

पुढं मच्छीमारांच्या सोसायटीनं बंदरावर बर्फाचा कारखाना काढायचं ठरवलं. वायरिंगचं काम विश्रामदांकडे आलं. बर्फ, खारं पाणी आणि त्यात दिवसभर अनवाणी उभ्या राहणाऱ्या बाया, म्हणजे आवडाक्काच्या बाबतीत जे घडलं ते पुन्हा घडायला याहून चांगली जागा नव्हती. आराखडा मंजूर करायला रत्नागिरीहून वीज तपासणी खात्याचे साहेब आले. वयानं तरुण, समजूतदार माणूस. कागद बघून ते म्हणाले, "इथं लोखंडी पाइप लिहिला आहे."

सरकारी माणसासमोर विश्रामदा पुस्तकी मराठी बोलायचे आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'सबब'नं करायचे. "सबब, आम्हांस ते मान्य नाही," ते म्हणाले. "लोखंड घातल्यास ह्या बायांना मी तोंड दाखवू शकणार नाही. लोखंडच पाहिजे असल्यास दुसरा माणूस बघावा." आणि शिडी उचलून ते खरोखर चालायला लागले. सोसायटीचे चेअरमन मागून धावले.

साहेबांनी दम धरला. म्हणाले, "मेतर, उघड्यावर तुमचं म्हणणं बरोबर असेल. तिथं तुमच्या जबाबदारीवर मी अॅल्युमिनियम चालवून घेईन. काही झालं तर परवाना तुमचा जाईल, एवढं लक्षात ठेवा. पण भिंतीच्या आतून जो पाइप जाईल तो लोखंडीच टाका." कबूल, असं विश्रामदा म्हणाले, पण ते मान खाली घालून. तेव्हाच मला शंका आली.

पाइप मुंबईहून बोटीनं आला, पडावातून धक्क्यावर उतरला. काम असं देखणं झालं की बघत राहावं. पांढरे सरळसोट पाइप, कोपऱ्याला एकसारखा बाक. मुख्य स्विचपाशी भिंतीच्या आतून जायचा तुकडा आला तेव्हा मी लोखंडी पाइप पुढं केला. त्यांनी तो बाजूला सारला.

"विश्रामदा, साहेबांक शब्द दिलास."

"साहेब गेलो रत्नागिरीक. माझ्या कामात लोखंडाचो एक तुकडोय नको माका."

"पण भितीतलो पाइप तुमी दोरीर कधी टांगून बघितलास?"

मला काही कळत होतं म्हणून मी हे बोललो नव्हतो. निव्वळ भांडणाची खाज. ते म्हणाले, "भितीत वारो खंयसून येतलो?" आणि गवंड्याला खूण केली. गवंड्यानं आमच्याकडच्या रीतीनं गिलावा केला: शिंपले भाजून केलेला चुना, पुळणीवरची वाळू आणि बंदराच्या विहिरीचं मचूळ पाणी. साऱ्या किनाऱ्यावरची घरं ह्याच गिलाव्यानं उभी आहेत. कुणाला त्यात खोट दिसली नाही. त्यांनाही नाही.

कारखाना चालू झाला. उघड्यावरच्या पाइपांवर एक डाग पडला नाही. पावसाळा झाला, दुसराही झाला. विश्रामदा बंदरावरून छाती काढून चालायचे आणि मी दिसलो की पाइपाला टिचकी मारायचे. मला ते अगदी सहन व्हायचं नाही.

नारळी पुनव होऊन होड्या दर्यात गेल्या होत्या, सुरमई भरपूर लागत होती, आणि एके सकाळी आवडाक्का आमच्या वायरिंगच्या दुकानात आली. ती दुकानात कधी येत नसे. "इश्राम," ती म्हणाली, "स्विचाखाली भितीक वळ उठलोहा. माझ्या डोळ्यांक बरो दिसणा नाय."

आम्ही गेलो. गिलावा एका सरळ रेषेत फुगून तडकला होता, आत पाइप जिथून गेला होता नेमका तिथंच. विश्रामदांनी पेचकसाच्या टोकानं थोडं खरवडलं. आतून पांढरी भुकटी गळाली. ओला चुना आणि मीठ मिळून अॅल्युमिनियम खात होते. उघड्यावर जो वर्षानुवर्षं टिकला असता तो भिंतीत मेला होता. पाइप तुटला म्हणजे गळलेली वीज त्या पाइपातून जमिनीत उतरायची वाटही तुटली. उद्या कुठं तार उघडी पडली, तर पुढचे सगळे सुंदर पांढरे पाइप आवडाक्काच्या त्या जुन्या पाइपासारखे होणार होते.

चेअरमन भला माणूस. त्यांनी विश्रामदांना बाजूला घेतलं. "मेतरांनू, आता गप रवा. वरसून गिलावो मारा. मासळी भरलेली आसा, बर्फ थांबलो तर सगळा कुसतला. मोसम संपलो की गुपचूप बदला. रत्नागिरीक कळला तर तुमचो परवानो गेलो."

विश्रामदांनी हातावरची पांढरी भुकटी झटकली. ते गेले आणि त्यांनी मुख्य स्विच खाली ओढला. यंत्रं थांबली. इतकी शांतता त्या कारखान्यात कुणी ऐकली नव्हती. लिलाव ऐन भरात होता. होडीवाले, बाया, गाडीवाले सगळे आत घुसले. शिव्या सुरू झाल्या. एका नाखव्यानं तर स्विच वर करायला हात घातला. विश्रामदा स्विचला पाठ लावून उभे राहिले. हातात छिन्नी-हातोडा.

"हात लावशीत तर आधी माझ्यार," ते म्हणाले. "ह्यो पाइप मी घातलंय. साहेब नको म्हणालो, बांदेकर नको म्हणालो, तरी मी घातलंय. आता मीच फोडतलंय, आणि तुमच्या सगळ्यांच्या समोर फोडतलंय. मासळी कुसली तर माका शिव्या घाला. बाईमाणूस मेला तर कोणाक घालतलास?"

आणि त्यांनी पहिला घाव घातला. मला त्या माणसाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि हे मी त्यांना जन्मात सांगितलं नाही. शिव्या हळूहळू थांबल्या. आवडाक्का पुढं झाली आणि डाव्या हातानं पडलेला गिलावा पाटीत भरू लागली. मग दुसऱ्या बायाही लागल्या.

भिंतीत मी डांबर फासलेला जस्ती लोखंडी पाइप घातला. लोखंड आणि अॅल्युमिनियम एकमेकांना थेट जोडायचे नाहीत, असं त्यांनीच बजावलं. "दोगांका एका ताटात जेवक बसवचा नाय, एक दुसऱ्याक खाता." जमिनीत जाणारी तार वेगळी ओढली. काम संपलं, स्विच वर गेला, यंत्रं धडधडली. विश्रामदा चपला काढून बर्फाच्या पाण्यात उतरले आणि ओला तळवा पाइपावर ठेवायला निघाले. तेवढ्यात आवडाक्कानं त्यांना बाजूला ढकललं आणि वळलेल्या बोटांचा तो उजवा हात पाइपावर ठेवला. ती हात तसाच ठेवून म्हणाली, "थंड आसा. कामाक लागा."

दुसऱ्या दिवशी ते रत्नागिरीची एसटी धरून निघाले. मी बरोबर होतो. कुणी तक्रार केलेली नव्हती, कुणी करणारही नव्हतं. साहेबांपुढं उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "सबब, भिंतीत मी चुकलो आहे. उघड्यावर चुकलेलो नाही. तेथे मी आजही मागे हटणार नाही."

साहेबांनी कपाटातून परवान्यांची वही काढली. मग म्हणाले, "मेतर, परवाना मला ठेवता येणार नाही."

"न ठेवावा," विश्रामदा म्हणाले.

तोवर माझी परीक्षा होऊन मला परवाना मिळाला होता. परत आल्यावर त्यांनी दुकानाची पाटी खाली काढली, आपलं नाव खरवडलं आणि स्वतःच्या हातानं माझं नाव रंगवलं. मी नको नको म्हणत होतो. "गप रव," ते म्हणाले. "आता तू साहेब. पण अॅल्युमिनियम खंय लावूचो ता मी सांगतलंय." आणि माझ्या हाताखाली ते तितक्याच ताठ मानेनं राबले. अंगणात त्यांनी कंबरेएवढी एक भिंत बांधली, कशालाही आधार न देणारी, शिंपल्यांच्या चुन्याची, पुळणीच्या वाळूची. तिच्यात हर तऱ्हेचे पाइप पुरले. दर पावसाळ्यानंतर एकेक फोडून बघायचे आणि मला हाक मारायचे. बहुतेक वेळा मी जिंकायचो. ते कबूल करायचे आणि लगेच दोरीकडे बोट करायचे.

साठचं दशक संपता संपता ते गेले. छातीत कळ आली, शिडीवरून खाली उतरले, बसले आणि गेले. दिवस झाल्यावर मी तारकर्लीला गेलो. वाऱ्यानं पाइप खणखणत होते. घरातल्यांना त्रास नको म्हणून मी दोरीची गाठ सोडायला लागलो.

"तेका हात लावू नको," आवडाक्का ओटीवरून म्हणाली. "तुमचा भांडाण संपला काय?"

मी म्हटलं, "नाय."

मग मी पिशवीतून एक तुकडा काढला. जस्त चढवलेला लोखंडी, नवाकोरा, आट्यांवर दुप्पट रंग दिलेला. त्यांना दाखवून जिरवायची म्हणून महिनाभर खपून तयार केलेला. तो मी दोरीवर अॅल्युमिनियमच्या शेजारी, त्याला लागणार नाही असा घट्ट बांधला आणि त्याचं तोंड समुद्राकडे वळवलं. आवडाक्का उठून आली, वळलेल्या बोटांनी दोन्ही पाइप चाचपून बघितले आणि म्हणाली, "बघूया आता."