कॅनडाचा सातबारा

माझा थोरला भाऊ पीआरला, म्हणजे परदेशात कायम राहण्याच्या परवान्याला, सातबारा समजतो. खालापूरच्या तलाठ्यापलीकडे जगात दुसरं सरकार असेल, हे त्याच्या डोक्यात शिरतच नाही. पोराचं नाव कॅनडात लागलं की मागून वारस लागतात तशी घरच्या सगळ्यांची लागणार. पोरीचं कशाला? ती परक्या घरी जाणार, म्हणजे कॅनडाही त्याच घरी जाणार.

खोपोलीतल्या सल्लागाराकडे आम्ही सगळेच गेलो होतो. हा गृहस्थ बर्फाच्या डोंगरांचे फोटो लावून गारव्यात बसलेला. आधी तिकडे शिका, मग नोकरी धरा, मग पीआर, हा रस्ता त्याने फार रंगवून सांगितला. त्याच्या शेवटी पीआर मिळेलच असं नाही, हे मात्र तोंडातल्या तोंडात. तिकडच्या माणसाशी लग्न केलं तरी जमतं म्हणाला. पैसा ओतून धंदा काढायचा रस्ता सांगता सांगता त्याने भावाच्या चपलांकडे पाहिलं आणि विषय बदलला.

"मी नर्स हाय. माझं काय?" भावाच्या पोरीने, माझ्या भाचीने विचारलं.

"मॅडम, तुमचं तर कामावरच होईल. इंग्रजीची परीक्षा द्या, तिकडची नोंदणी करा."

"तिचं मागून बघू," भाऊ म्हणाला. बारावीला दोनदा आपटलेले त्याचे चिरंजीव तेव्हा मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसले होते.

चिरंजीवांच्या शिक्षणासाठी रस्त्याकडेची जमीन विकायची ठरली. तिच्यावर माझंही नाव आहे. आमच्याकडे बहिणीने हक्कसोड करायची, साडी घ्यायची आणि माहेर शाबूत ठेवायचं. भाऊ साडी घेऊनच आला. साडीही अशी, की पायपुसण्याला बरी.

"पोरीला धाडत असशील तर आत्ता सही करते," मी म्हटलं.

"तुला म्हायेर नको झालंय."

"ठेव तुझ्याकडंच."

माझ्या सहीवाचून जमीन अडली, चिरंजीवही घरीच राहिले. तेव्हापासून त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. भाचीने रात्रपाळ्या करून, पगार साठवून परीक्षा दिली, नोंदणी केली, आणि तिला पीआर मिळाला. निघायच्या आदल्या दिवशी मी गेले, तर भाऊ मवाळ होऊन तिच्या बॅगेपाशी बसलेला.

"आता तुज्या मागून भावाचं नाव लागंल ना गं?"

"नाय बाबा. नवऱ्याचं लागतं, पोरांचं लागतं. तुमचं न् आईचं पुढं बघता येईल. भावाचं नाय लागत."

त्याने बॅग जरा बाजूला सारली.

"मग तू जाऊन उपेग काय?" त्याने विचारलं. चिडून नाही, अगदी मनापासून विचारत होता.