परळचा पतंग

सुनेनं आज कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवल्या आणि त्या वासासरशी माझं डोकं फिरलं. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती, तेव्हा मी एका संग्रहालयात कीटकांची चित्रं काढायचो. तिथल्या पेट्यांना हाच वास यायचा.

बाबा परळच्या गिरणीत होते. कापसाच्या गोदामातून एकदा त्यांनी काडेपेटीत राखाडी पतंग आणला. म्हणाले, "ह्यो नेहमीचो नाय रे!" खरंच नव्हता. नेहमीच्या पतंगाच्या पंखावरची काळी रेघ सरळ जाते, याची टोकाशी वाकली होती. आमच्या साहेबांनी महिनाभर भिंगाखाली पाहून मान्य केलं, "जात नवी आहे."

टाचणीला लावायच्या चिठ्ठीवर मी ठिकाण लिहिलं, 'परळ, महाराष्ट्र'.

साहेब मराठीच, गिरगावातले. चिठ्ठी वाचून हसले. "असं राज्य आहे कुठं? मुंबई राज्य लिहा. इथं घोषणा नकोत."

त्याच वेळी खिडकीखालून मोर्चा चालला होता. त्यात बाबाही होते. केसाएवढी रेघ वाकडी दिसली म्हणून पतंगाची वेगळी जात मानणाऱ्या या माणसाला खाली घसा फोडून वेगळं राज्य मागणारी माणसं दिसत नव्हती!

राग त्यांचा येतोच, पण त्याहून जास्त माझा येतो. कारण मी ती चिठ्ठी फाडली आणि दुसरी लिहिली, अगदी वळणदार अक्षरात. साहेब म्हणाले, "अक्षर छान आहे हं तुमचं."

आणि मी म्हणालो, "थँक्यू सर."