मास्तरांच्या छातीचं माप

ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या छातीची मापं घेतली, त्याच्यावर स्वतःचीच छाती लपवायची पाळी यावी? काय म्हणावं याला!

टेलरमास्तरांचं लिव्हर बिघडलं आणि पोटात पाणी झालं. डॉक्टरीणबाईंनी पाणी काढायची गोळी दिली, पोट उतरलं, मास्तर पुन्हा मशीनवर बसले. पण दोन-तीन महिन्यांत छाती फुगायला लागली. हात लागला की ठणकायची. दाढीही चार-चार दिवस केली नाही तरी चालायची. कॉलरमध्ये घालायचं जाड बकरम मास्तरांनी गुपचूप आपल्या शर्टाला आतून लावलं, छाती सपाट दिसावी म्हणून. घामाने जीव जायचा, पण ऐट कायम! बायको जवळ आली की उठून खिडकीशी जायचे. शेवटी ठरवलं, हे त्या गोळीचंच काम, उद्यापासून गोळीच बंद.

बायको दुकानात शेजारीच बसून काज-बटण करायची. त्याच दिवशी तिने मास्तरांचा शर्ट इस्त्रीला घेतला, तर समोरून पुठ्ठ्यासारखा कडक. बत्तीस वर्षं कपडा हाताळलेली बाई ती, तिला कळणार नाही?

"अहो, कॉलर छातीवर कधीपासून लावायला लागलात?"

मास्तर रडकुंडीला आले. सगळं सांगून टाकलं. "अगं, मी पुरुषच राहिलो नाही बहुतेक."

"काहीतरीच बोलू नका! आणि मी मेली समजत होते, मीच तुम्हाला नकोशी झालेय." तिचे डोळे भरले. "उठा आधी. दवाखान्यात चला."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गाठबीठ नव्हती.

"लिव्हर थकलं की पुरुषाचा हार्मोन कमी पडतो आणि बायकांचा वरचढ होतो. त्यात ही गोळी भर घालते. अनेकांना होतं हे, मास्तर. मला सांगायचं नाही का? गोळी बदलू. मनाने बंद केली असतीत, तर पोट पुन्हा भरलं असतं."

नव्या गोळीने तीन महिन्यांत ठणका गेला. फुगवटा थोडा राहिला, राहू दे. बकरम केव्हाच कचऱ्यात गेलं होतं. मास्तर स्वतःसाठी नवा शर्ट बेतायला बसले. नेहमीसारखा अंदाजाने कापणार, तोच बायकोने त्यांच्या गळ्यातली टेप ओढून घेतली. छातीचं माप घ्यायचं तर दोन्ही हात पाठीमागून फिरवावे लागतात. तिने फिरवले. मास्तर जागचे हलले नाहीत.

"किती भरलं?"

"थांबा हो, आकडा दिसत नाहीये." चष्मा तर तिच्या नाकावरच होता.

दारात गिऱ्हाईक खाकरलं.

"जरा दम धरा राव," मास्तर मागे न बघताच म्हणाले, "माप चाललंय."