बेडकांसाठी अडवलेला रस्ता

हातकणंगले स्टेशनवर उतरले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. माझी कॉलेजातली मैत्रीण सुजाता स्कूटर घेऊन उभी होती. ती इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. स्टेशनपासून तिच्या घरापर्यंत पूर्वी नुसता ऊस होता. आता प्लॉट पडलेत, सिमेंटच्या कमानी उभ्या राहिल्यात, आणि मध्ये उसाचे चार-दोन पट्टे उरलेत.

घरी तिच्या आईने भाकरी, दही आणि खर्डा (मिरच्या-लसूण भाजून ठेचलेलं तिखट) वाढला. पहिल्या घासालाच माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"नाशकात मिरच्या मिळत न्हाईत व्हय?" आई मोठ्यानं हसल्या.

दुपारी आम्ही कॉलनीमागच्या तळ्यावर गेलो. घराघरांचं सांडपाणी त्यात यायला लागलं आणि तळं सडलं. बेडकांची अंडी पांढरी पडायची, पिल्लं उलटी तरंगायची. गेल्या पावसाळ्यात तर एकदाही 'डराव' ऐकू आलं नाही. मग सुजाता दारोदार फिरली. कुणी हसलं, कुणी तोंडावर दार लावलं. तरी वर्षभरात एकेका घराने सांडपाणी जमिनीत जिरवायला शोषखड्डा काढला. आता पूर्वेच्या काठाला बेडकांची पिल्लं वळवळत होती. काहींना पाय फुटले होते, शेपटी झडत आली होती.

पश्चिमेचा काठ मात्र रिकामाच. तिथे गाड्या धुण्याच्या सेंटरचा पाइप तळ्यात सुटलेला. सेंटरचे मालक गावातलेच, सगळे त्यांना आण्णा म्हणतात. साबणाचा फेस आणि तेलाचा तवंग.

"बेडकांपायी धंदा बंद करू व्हय मी?" आम्ही सेंटरवर जाऊन पाइपचा विषय काढताच आण्णा गरजले.

"बंद नका करू. एकदा बघायला तरी चला," सुजाता म्हणाली.

कुरकुरत आले. तिने आधी पूर्वेचा काठ दाखवला, मग त्यांचा. आण्णा उकिडवे बसले, फेस हाताने बाजूला सारला आणि बराच वेळ पाण्यात बघत राहिले.

"ल्हानपणी हितं पवायचो आमी, बाई. पायाला गुदगुल्या करायची ही पिल्लं." उठले आणि तिथूनच फोन लावला. "जेसीबी घिऊन ये. आत्ता!"

दुसऱ्या दिवशी खड्डा झाला, पाइप वळला. मीही खोरं हातात घेतलं आणि पाय घसरून कमरेपर्यंत चिखलात गेले. मला वर ओढताना आण्णा इतके हसले की तेच पडायचे राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाने स्टेशनकडे निघाले. तळ्याच्या वळणावर आण्णा रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे!

"पावणं, दमा की!" रिक्षा थांबवत ते रिक्षावाल्यावर ओरडले. "पिल्लं चालल्यात!"

खाली उतरून बघितलं. नखाएवढे शेकडो बेडूक टुणटुण उड्या मारत रस्ता ओलांडून उसात शिरत होते. मागे दोन ट्रॅक्टर आणि दुधाची गाडी खोळंबली. कुणीतरी हॉर्न वाजवला, आण्णांनी नुसतं वळून पाहिलं, हॉर्न थांबला. गलका ऐकून सुजाता घरातून धावत आली. तिला हसू आवरेना आणि रडूही.

माझी गाडी अर्थातच चुकली. पुढच्या गाडीने घरी पोचले, तर सगळ्यांचा एकच प्रश्न, कोल्हापूरकडे काय पाहिलंस? कॉलेजात असताना विच्छेदनाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून ठेवलेले बेडूक मी पुष्कळ पाहिले होते. स्वतःच्या पायांनी शेताकडे निघालेले पहिल्यांदाच पाहिले.