जड गाडीचे कडक पॅड

आमच्या घरात माझ्या गाडीला म्हैस म्हणतात. जुनी, डिझेलची, सात माणसांची. धावायला आळशी आणि थांबायला त्याहून आळशी. ती मी दादासाठी घेतली होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बाळापूरच्या पुढे आमचं गाव, तिथे तो मायजवळ राहायचा. त्याच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं आणि डायलिसिस अकोल्याला होतं. आठवड्यातली एक पाळी माझी. अमरावतीहून निघायचं, अकोला ओलांडून गावी जायचं, त्याला मागच्या सीटवर आडवं करायचं आणि परत अकोल्याला आणायचं. लहान गाडीत त्याचे पाय मावत नसत.

दादाचा सगळा जीव डाव्या हातात होता. डायलिसिसची सुई टोचता यावी म्हणून डॉक्टरांनी मनगटाच्या वर एक धमनी आणि एक शीर जोडली होती. त्या जोडाला फिस्टुला म्हणतात. त्याच्यावर बोट ठेवलं की आत सारखी थरथर लागायची. येईल त्याला दादा हात पुढे करून सांगायचा, "लाव बोट. पिठाची गिरणी चालू हाये." त्या हाताला धक्का लागू द्यायचा नाही, त्यानं वजन उचलायचं नाही, त्याच्यावर झोपायचंही नाही. दुसरी शीर जोडण्यासारखी उरलेली नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

म्हणून ब्रेक पॅड बदलायची वेळ आली तेव्हा मी फार विचार केला. माझा फार विचार म्हणजे मोबाइलवर व्हिडिओ पाहणं. मी अर्धा मेकॅनिक झालो होतो, आणि अर्ध्या मेकॅनिकपेक्षा मेकॅनिक नसलेला बरा, असं बायको म्हणत होती. अमरावतीच्या दुकानदारानं दोन डबे समोर ठेवले.

"हे मऊ. गाडी अलगद थांबते, आवाज नाही. पण जड गाडी हाये तुमची, तापले की पकड सुटते. हे कडक. तापले तरी धरतात. पण किरकिर करतात अन् झटका देतात."

"मग घेऊ कोणते?"

"मानसं तुमची, तुमीच सांगा."

मी दादाला फोन लावला. "कडक घेतले तर झटका बसेल. हात दुखेल तुझा."

"अबे, हात दुखला तं ओरडीन. गाडी नाही थांबली तं ओरडाले कोण राहीन?"

कडक घेतले. पॅड घासून डिस्कवर नीट बसेपर्यंत पकड थोडी कमी वाटेल, घाबरू नका, असं दुकानदारानं बजावलं. ते मी पाठ करून ठेवलं.

गावात शिरलो तेव्हा चाकं अशी किंचाळत होती की कुत्री उठून बसली. माय ओट्यावर उभी होती.

"चाक काहून ओरडून राहिलं रे?"

"नवीन हाये माय. सुरुवातीला ओरडते."

"नवीन चाक ओरडते काय कधी? वंगण नाही दिलं असन."

"हो हो," म्हणून मी आत गेलो. दादाला सदरा घालायचा होता, हात जपून बाहीतून काढायचा होता, चहा व्हायचा होता.

निघालो तेव्हा किंचाळणं बंद झालं होतं. मी मागे वळून म्हणालो, "पाह्यलं? बसले पॅड." गावच्या वळणावर ब्रेक दाबला तर गाडी उशिरा थांबली. मी मनात म्हटलं, अजून बसायचे आहेत. पॅड बसले आणि पॅड बसायचे आहेत, या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटल्या.

हायवेवर पुढे कापसाची ट्रॉली उभी होती. ब्रेक दाबला, पूर्ण दाबला, गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला. म्हैस डोलत डोलत गेली आणि ट्रॉलीला टेकली. टेकलीच म्हणायचं, कारण दिवासुद्धा फुटला नाही. पण दादा मागच्या सीटवरून घसरला आणि त्याचा डावा हात पुढच्या सीटखाली त्याच्याच अंगाखाली सापडला. मी त्याला ओढून वर बसवलं. त्यानं उजव्या हाताची बोटं मनगटाच्या वर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

"बंद पडली रे गिरणी," तो म्हणाला.

दवाखान्यात हातातला बंद पडलेला फिस्टुला उघडायचा प्रयत्न झाला, तो फसला. मग डायलिसिससाठी मानेत नळी घातली. तिकडे ते चालू असताना अकोल्याच्या एका वर्कशॉपमध्ये म्हशीची पुढची चाकं काढली. दोन्ही डिस्क चमकत होत्या. मिस्त्रीनं पॅड माझ्या हातात दिला. मी वास घेतला. जवसाचं तेल. मायच्या घाण्यावरून आणलेल्या तेलाचा वास मला झोपेतही ओळखता येतो. बैलबंडीचं चाक कुरकुरलं की आखाला तेल द्यायचं, हे शिकून ती या घरात आली होती. आम्ही चहा पीत असताना तिनं पळीपळीनं चाकाच्या फटींतून तेल सोडलं होतं. लेकाच्या वाटेत चाक ओरडू नये म्हणून.

मी दादाला सांगितलं.

"मायले सांगू नको."

"मंग काय सांगू? ती विचारल्याशिवाय राहीन काय?"

"सांग, तुले अक्कल नाही. तिले पटते लवकर."

पुढचे पॅड मी मऊ घेतले. जड गाडीला ते चुकीचे आहेत हे मला चांगलं ठाऊक होतं. पण ते ओरडत नव्हते, आणि मायच्या कानापर्यंत काही जाणार नव्हतं. गाडी इतकी हळू चालवायचो की सायकलवाले वळून पाहायचे. दादा मानेतली नळी सांभाळत म्हणायचा, "उतरून पायी चालू काय?"

नळीतून ताप शिरला. एकदा उतरला, पुन्हा आला. दादा पोळ्याच्या आधी गेला. फिस्टुला असाही कधी कधी बंद पडतो, असं डॉक्टर म्हणाले. कशानं पडला ते त्यांना नक्की सांगता येत नव्हतं, आणि आम्ही पुन्हा विचारलं नाही.

बसायला माणसं यायची तेव्हा मायनं सगळ्यांसमोर मला विचारलं, "गाडी काहून नाही थांबली रे त्या दिवशी?"

"पॅड चुकीचे घेतले होते मी."

तिला लगेच पटलं. दादाचा अंदाज बरोबर होता. आता कोणीही आलं की ती सांगते, "याले लहानपणापासून निवडता येत नाही. वांगे आणाले पाठवा, किडके आणीन. मोठ्याच्या जिवाशी तसंच केलं यानं."

"हो माय," मी म्हणतो, आणि तिनं दिलेला चहा पितो. हल्ली त्यात साखर नसते. ती विसरते की मुद्दाम घालत नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.